उन्हाळी भुईमुगातील तणनियंत्रण : तणनाशकाची वेळ आणि पंपाचे माप

(उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीपूर्वी अकोला व अमरावती जिल्ह्यांतील भुईमूग उत्पादकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वऱ्हाडात सोयाबीन निघाले, विहिरीला किंवा कालव्याला पाणी असले, की जानेवारीत एकच चर्चा सुरू होते, यंदा उन्हाळी भुईमूग किती एकर टाकायचा? बियाणे कोणते घ्यायचे हे आपण चार ठिकाणी विचारतो. खताचा हिशेब करतो. पाण्याच्या पाळ्या मोजतो. तणाचा विचार मात्र तण दिसल्यावरच करतो. म्हणून आज मी फक्त तणाविषयी आणि त्यातही तणनाशकाविषयी बोलणार आहे.

मेळावा संपला की कास्तकार मला हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, पंपाले किती टाकू?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचे सरळ उत्तर माझ्याजवळ नाही. ते उत्तर तुमच्याच शेतात, तुमच्याच पायात आहे. ते कसे काढायचे हे तुम्ही आज इथून शिकून गेलात, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

भुईमुगाला तण जास्त का बाधते?

भुईमूग हे बुटके पीक आहे. कपाशी किंवा तूर तणाच्या वर डोके काढते, भुईमुगाला ते जमत नाही. सुरुवातीचे ३० ते ४० दिवस त्याची वाढ फार सावकाश होते. आपल्याकडे उन्हाळी हंगामात टीएजी-२४ हा वाण बरीच वर्षे पेरला जातो. त्याच्या नावातील 'टी' म्हणजे ट्रॉम्बे आणि 'ए' म्हणजे आपले अकोला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेला हा वाण १९९१ साली प्रसारित झाला. झाड ठेंगणे, आटोपशीर आणि शेंगा बुडाशी गोळा, म्हणून तो उन्हाळ्यात चांगला चालला. पण झाड ठेंगणे असले की दोन ओळींमधली जमीन लवकर झाकली जात नाही. उघड्या, ओल्या आणि खत मिळालेल्या जमिनीवर तण येणारच.

दुसरे कारण आऱ्यांचे. पेरणीनंतर साधारण ४० ते ४५ दिवसांनी आऱ्या जमिनीत शिरू लागतात. त्यानंतर डवरा चालवला तर आऱ्या तुटतात आणि तुटलेल्या आरीला शेंग लागत नाही. म्हणजे इतर पिकांत उशिरा का होईना डवरता येते, भुईमुगात ती सोय नाही. जे काय करायचे ते पहिल्या ४५ दिवसांत. हा काळ हातचा गेला तर उत्पादन निम्म्यापर्यंतही घटू शकते. शिवाय काढणीच्या वेळी तणाच्या मुळांत वेल अडकतात, झाड उपटताना शेंगा तुटून जमिनीतच राहतात. त्या वेचायला पुन्हा मजुरी लागते.

धुऱ्यावरचे गाजरगवतही दुर्लक्षित करू नका. २००० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगावर शेंडेमर व खोडमर करणाऱ्या विषाणू रोगाची मोठी साथ आली होती. तो विषाणू गाजरगवतात राहतो आणि त्याच्या परागकणांबरोबर फुलकिड्यांमार्फत भुईमुगावर येतो, असे तपासात दिसून आले. म्हणून धुऱ्यावरचे गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे.

मजुरीचा प्रश्न

निंदणाला बाया मिळत नाहीत, ही तक्रार आता प्रत्येक गावात आहे आणि ती खरी आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मान्यता नसलेले, तणनाशकाला न जुमानणारे कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले. त्याची बातमी देशभर झाली. त्या वादात मी आज शिरत नाही. पण निंदणाचा खर्च कास्तकाराला किती बोचतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले. तेव्हाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भुईमुगात असे कोणतेही वाण नाही. ग्लायफोसेट उभ्या भुईमुगावर पडले की तणाबरोबर भुईमूगही जातो. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला होता.

हिशेब तुम्ही स्वतःच मांडून पाहा. मागच्या वर्षी एकरी पहिल्या निंदणाला किती बाया लागल्या, दुसऱ्याला किती लागल्या, तुमच्या गावचा दर काय, हे एका कागदावर लिहा. त्यासमोर तणनाशकाची किंमत, फवारणीची मजुरी आणि एका हलक्या निंदणाचा खर्च लिहा. औषधाने निंदण पूर्ण बंद होते असे मी म्हणत नाही. योग्य वापर झाला तर दोन निंदणांच्या जागी एक हलके निंदण पुरते. एवढीच अपेक्षा ठेवा.

आपल्या शेतातील तणे ओळखा

तणनाशक घेण्यापूर्वी शेतात कोणते तण आहे ते पाहणे आवश्यक आहे. सोयीसाठी चार गट करू.

पहिला गट हंगामी गवतांचा, म्हणजे सावा, भरड, शिंपी, वाघनखी, चिमणचारा. दुसरा रुंद पानांच्या तणांचा. त्यात माठ, तांदुळजा, कुंजरू, दुधी, घोळ, हजारदाणी, पेटारी, गाजरगवत ही तणे येतात. तिसरा गट बहुवार्षिक तणांचा, म्हणजे हराळी, कुंदा आणि लव्हाळा. चौथ्या गटात मी एकटा केना ठेवतो.

केना वेगळा का? तो एकदल आहे, पण गवत नाही. पुष्कळ कास्तकार 'एकदल तणांचे औषध' म्हणून फक्त गवत मारणारे तणनाशक आणतात आणि केना तसाच हिरवागार उभा राहतो. मग औषध बनावट निघाले असे म्हणतात. औषध बनावट नसते, निवड चुकलेली असते. लव्हाळ्याचेही तसेच. तोही गवत नाही. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात आणि उगवणीपूर्वीच्या औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ज्या वावरात लव्हाळा मातला आहे, ते वावर उन्हाळी भुईमुगासाठी निवडूच नये. ते एक उन्हाळा खोल नांगरून तापू द्यावे आणि गाठी वेचून बाहेर काढाव्यात.

पेरणीपूर्वी मोफत मिळणारे नियंत्रण

सोयाबीन निघाल्यावर पेरणीला अवकाश असतो. त्या काळात जमीन तयार करून एक ओलित द्यावे. दहा-बारा दिवसांत वरच्या थरातील तणांचे बी उगवते. मग वाफसा आल्यावर हलकी वखरणी करून ते कोवळे तण मारावे आणि नंतर पेरणी करावी. वखर खोल लावू नये, नाहीतर खालचे बी वर येते आणि सगळे पुन्हा उगवते. या एका वखरणीने पुढचे निम्मे दुखणे कमी होते. शेणखत पूर्ण कुजलेलेच टाकावे. अर्धकच्च्या शेणखतातून तणाचे बी आपणच शेतात पेरत असतो.

तणनाशके कोणती व केव्हा?

भुईमुगात तणनाशक वापरण्याच्या दोन वेळा आहेत.

पहिली वेळ पेरणीनंतर, पण पीक व तण उगवण्यापूर्वी. यासाठी पेंडीमेथॅलीन वापरतात. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, जमीन ओलसर असताना फवारणी करावी. बाजारात या एकाच नावाची दोन प्रकारची औषधे मिळतात. ३० टक्के ईसी असेल तर हेक्टरी साधारण ३.३ लीटर, म्हणजे एकरी १.३ लीटर. ३८.७ टक्के सीएस असेल तर हेक्टरी १.७५ लीटर, म्हणजे एकरी ७०० मि.ली. दोन्हींच्या मात्रेत जवळजवळ दुप्पट फरक आहे. नुसते नाव पाहून मात्रा ठरवू नका, बाटलीवरचा टक्केवारीचा आकडा आधी वाचा.

हे औषध जमिनीच्या वरच्या थरात पातळ पडद्यासारखे बसते. उगवणारे तण त्या पडद्यात अडकून मरते. म्हणून तीन पथ्ये पाळावीत. ढेकळे फोडून जमीन भुसभुशीत व सपाट करावी, नाहीतर ढेकळाखालचे तण सुटते. फवारणी करणाऱ्याने मागे मागे सरकत जावे, म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाही. आणि फवारणीनंतर निदान पंधरा-वीस दिवस ती जमीन हलवू नये. कोरड्या मातीवर फवारले तर औषध उन्हात वाया जाते. तुषार संच असेल तर पेरणीनंतर हलके पाणी देऊन वाफशावर फवारणी करणे सोयीचे होते.

दुसरी वेळ उगवणीनंतरची. पुस्तकात लिहिलेले असते, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी. पण आपल्याकडे जानेवारीत थंडी असते. भुईमूग उगवायलाच दहा-बारा दिवस घेतो. तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा तणाची पाने मोजा. तण दोन ते चार पानांचे असताना फवारणी झाली पाहिजे. तण वितीएवढे झाले की औषध पिऊनही ते पुन्हा फुटते.

या वेळी दोन औषधे मुख्यतः वापरतात. इमॅझिथापायर १० टक्के एसएल हेक्टरी १ लीटर, म्हणजे एकरी ४०० मि.ली. याने हंगामी गवते आणि बरीच रुंद पानांची तणे आटोक्यात येतात, लहान लव्हाळाही काही काळ दबतो. फक्त गवतेच जास्त असतील तर क्विझॅलोफॉप इथाईल ५ टक्के ईसी हेक्टरी ७५० ते १,००० मि.ली., म्हणजे एकरी ३०० ते ४०० मि.ली. वापरावे. याचा रुंद पानांच्या तणांवर, केन्यावर व लव्हाळ्यावर उपयोग होत नाही.

इमॅझिथापायर फवारल्यावर काही दिवस पीक थोडे पिवळसर दिसते. घाबरू नये, आठ-दहा दिवसांत ते सावरते. मात्र आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही भुईमूग पिवळा पडतो. तेव्हा शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. दोन्ही वेगळे ओळखावेत आणि लोहासाठी घ्यायची फवारणी तणनाशकात मिसळू नये.

आणखी एक सूचना. आपण खरिपात सोयाबीनवर हेच इमॅझिथापायर मारतो आणि उन्हाळ्यात त्याच वावरात भुईमुगावर पुन्हा तेच मारतो. एकाच जमिनीवर एकच औषध वर्षातून दोनदा पडले तर त्याला दाद न देणारे तण मागे उरते आणि तेच बी टाकते. म्हणून दोन्ही हंगामांत औषध बदलावे. या औषधाचा अंश जमिनीत काही काळ टिकतो. पुढे त्याच वावरात ज्वारी, मका किंवा कपाशी घ्यायची असेल तर हे औषध टाळलेले बरे. ज्वारी, बाजरी किंवा मक्याचे आंतरपीक असेल तर उगवणीनंतरची ही दोन्ही औषधे वापरू नयेत.

जुन्या वह्यांमधली काही नावेही आता खोडून टाका. एकेकाळी भुईमुगासाठी अलाक्लोरची शिफारस असे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. ऑक्सिफ्लोरफेनचा भुईमुगावरील वापर २०२३ मध्ये केंद्र शासनाने बंद केला. कोणी जुना साठा स्वस्तात देऊ लागला तरी घेऊ नये. लेबलावर व माहितीपत्रकावर 'भुईमूग' हा शब्द असेल तेच औषध घ्यावे आणि पक्की पावती जपून ठेवावी.

माझी स्वतःची चूक

आता पंपाच्या मापाकडे येतो. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो.

मी पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होतो. घरी अडीच एकर उन्हाळी भुईमूग पेरला होता. नवीन शिकलेले, अंगात उत्साह. वडिलांना म्हणालो, यंदा निंदणाला बाया लावू नका, मी औषध सांगतो. पेंडीमेथॅलीन ३० टक्के आणले. एकरी १.३ लीटर औषध, एकरी २०० लीटर पाणी, पंप १५ लीटरचा, म्हणजे एकराला १३ पंप. १३०० भागिले १३, पंपाला १०० मि.ली. गणित बरोबर होते. गड्याला माप दिले आणि मी परीक्षेसाठी परत गेलो.

महिन्याभराने घरी आलो तर शेतात पट्टेच्या पट्टे हिरवे. सावा आणि माठ भुईमुगाच्या वर गेलेला. मी औषधाच्या दुकानदाराला दोष द्यायला निघालो. वडिलांनी मला थांबवले आणि गड्याला विचारले, एकराला किती पंप मारले? तो म्हणाला, "आठ." वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या पुस्तकातला गडी हयू हयू चालत असन बापू. आपला मानूस पयते."

आठ पंप गुणिले १०० मि.ली. म्हणजे ८०० मि.ली. १.३ लीटरच्या जागी ८०० मि.ली. पडले. साठ टक्केच औषध, तेही पट्ट्यापट्ट्यांनी. दोष दुकानदाराचा नव्हता, औषधाचा नव्हता, गड्याचाही नव्हता. एका एकराला त्याचे किती पंप लागतात हे मी त्याला विचारलेच नव्हते. त्या वर्षी आमच्या घरच्या निंदणाचा खर्च नेहमीपेक्षा जास्त झाला आणि आऱ्या सुटल्यावर तण हाताने उपटावे लागले. आईने बायांबरोबर स्वतः बसून ते उपटले. ते मी विसरलेलो नाही.

एक गुंठ्याची चाचणी

तेव्हापासून मी कोणालाही 'पंपाला अमुक मि.ली.' असे सांगत नाही. त्याऐवजी ही चाचणी सांगतो. ती अर्ध्या तासात होते आणि तिला खर्च नाही.

१. शेतात ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा मोजून चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. हा झाला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर.

२. पंपात मोजून १० लीटर साधे पाणी भरा. औषध टाकू नका.

३. जो माणूस प्रत्यक्ष फवारणी करणार आहे त्यालाच, त्याच पंपाने, त्याच नोझलने आणि त्याच्या नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारू द्या. आपण मध्ये 'हळू चाल' असे सांगू नये.

४. पंपात उरलेले पाणी मापाने मोजा. समजा ५.५ लीटर उरले, म्हणजे ४.५ लीटर लागले. ४.५ गुणिले ४०, म्हणजे एकराला १८० लीटर.

५. पंप १५ लीटरचा असेल तर १८० भागिले १५, म्हणजे एकराला १२ पंप. बॅटरीचा पंप १६ लीटरचा असेल तर १६ ने भागा.

६. आता एकरी मात्रेला पंपांच्या संख्येने भागा. पेंडीमेथॅलीन ३८.७ टक्के असेल तर ७०० भागिले १२, म्हणजे पंपाला सुमारे ५८ मि.ली.

हेच माप दुसऱ्याचे काय येईल पाहा. एखादा भरभर चालणारा गुंठ्याला ३ लीटरच पाणी लावतो. त्याचा एकर ८ पंपांत होतो. त्याला पंपामागे साधारण ८७ मि.ली. टाकावे लागेल. त्याने शेजाऱ्याचे ५८ मि.ली.चे माप वापरले तर एकराला जेमतेम ४६४ मि.ली. औषध पडेल, म्हणजे दोन तृतीयांशच. तण मरणार नाही. उलट एखादा अगदी सावकाश चालणारा एकराला १८ पंप लावत असेल आणि त्यानेही ५८ मि.ली.च टाकले तर एक लीटरच्या वर औषध पडेल. पैसा वाया आणि पिकाला इजा. म्हणून शेजाऱ्याचे माप आपल्या कामाचे नाही. गडी बदलला, पंप बदलला किंवा नोझल बदलले की चाचणी पुन्हा करावी.

गुंठ्याला ४ लीटरपेक्षा कमी पाणी लागत असेल तर नुसते औषध वाढवून भागत नाही, कारण इतक्या कमी पाण्यात औषध सारखे पसरत नाही. चाल थोडी कमी करायला सांगा किंवा नोझल बदला आणि पुन्हा मोजा. तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल वापरावे. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल वापरू नये. पेट्रोलवरच्या जोराच्या पंपाने तणनाशक सारखे पडत नाही आणि शेजारच्या पिकावर उडते.

फवारणी करणाऱ्याची काळजी

२०१७ च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. ती कीटकनाशके होती, पण त्यातून घ्यायचा धडा प्रत्येक फवारणीला लागू आहे. हातमोजे, तोंडावर मास्क आणि अंगभर कपडे घालावेत. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वारा शांत असताना करावी. औषध काठीने ढवळावे, हाताने नाही. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. काम चालू असताना खर्रा, तंबाखू, बिडी पूर्ण बंद. दोन औषधे मनाने एकत्र करू नयेत. मळमळ, चक्कर किंवा डोळ्यांना अंधारी आली तर काम थांबवून बाटलीसह दवाखाना गाठावा.

भगिनींना एक विशेष विनंती. आपण शेतातून घोळ, माठ, तांदुळजा भाजीसाठी आणता, शेळीला तण टाकता. फवारलेल्या वावरातली भाजी आणू नये आणि ते तण जनावरांना घालू नये. मालकाने फवारणी झाल्याचे मजुरांना आधी सांगावे. ही त्याची जबाबदारी आहे.

तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळा ठेवावा. गव्हावर किंवा ज्वारीवर २,४-डी मारलेला पंप न धुता भुईमुगावर किंवा कपाशीवर वापरला तर पाने चिंबतात, लांबट होतात आणि पीक वाढत नाही. वेगळा पंप शक्य नसेल तर धुण्याच्या सोड्याने किंवा साबणाच्या पाण्याने नळी व नोझलसह तीनदा धुवावा आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सांडू नये.

औषधाबरोबर डवराही हवा

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगतो. तणनाशक हा डवऱ्याचा शत्रू नाही. उगवणीपूर्वीचे औषध पहिले तीन आठवडे शेत स्वच्छ ठेवते. त्यानंतर २० ते २५ दिवसांनी एक आणि ३५ दिवसांच्या सुमारास दुसरी डवरणी केली तर उरलेले तण जाते, माती मोकळी होते आणि आऱ्यांना शिरायला सोपे पडते. मधल्या काळात झाडाजवळचे तण हाताने काढावे. आऱ्या सुटू लागल्या की डवरा गोठ्यात ठेवावा. त्यानंतर दिसेल ते मोठे तण बी धरण्यापूर्वी हाताने उपटून धुऱ्यावर टाकावे. खरीप भुईमुगात पावसामुळे वाफसा मिळत नाही आणि डवरणी लांबते, तिथे तणनाशकाचा आधार अधिक घ्यावा लागतो. उन्हाळ्यात मात्र पाणी आपल्या हातात असते, त्यामुळे औषध आणि डवरा दोन्ही वेळेवर बसवता येतात.

बंधूंनो, आज घरी जाल तेव्हा पंधरा मिनिटे काढून एक गुंठा मोजा. आपल्या पंपाचे माप वहीत किंवा पंपावरच रंगाने लिहून ठेवा. पेरणीनंतरच्या ४८ तासांत धावपळ असते, तेव्हा ते माप शोधायला वेळ मिळणार नाही. पुढच्या मेळाव्याला कोणी मला 'पंपाले किती टाकू' असे विचारले, तर मी उलट विचारणार आहे, "तुमचा एकर किती पंपांत होतो?" त्याचे उत्तर तुमच्याजवळ तयार असावे, एवढीच अपेक्षा.



जय जवान, जय किसान.